प्लस बॉडीला

—नाही नाही, उतरू नका साहेब, तिथंच बसा, मला सेल्फ मारायला माणूस लागणारच आहे. अर्ध्या तासाचं काम. पाचच्या आत तुम्हाला मोकळं करतो — पाचला एकजण येणारेत, तेव्हा इथे गिऱ्हाईक नकोय मला. किंवा असं करा, असलात तरी चालेल. थांबाच. अशा गोष्टीला साक्षीदार लागतो. त्या बाकावर बसलेत ना, भिकाजी मिस्त्री आणि ते बाकीचे — त्यांना मीच सांगून ठेवलंय, पाचला हलू नका म्हणून.

हे बघा तुमचे पॉइंट. डेल्कोच्या टोपीखाली ही चिमुकली जोडी उघडझाप करते, तेव्हा कुठे प्लगला ठिणगी मिळते. जळून खड्डे पडलेत. आता भिकाजी काय करणार? काडेपेटीच्या कडेवर घासणार, मधे पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून गॅप धरणार, वर म्हणणार, चाळीस वर्षं असंच करतोय. चाळीस वर्षं! अहो, ऐकू गेलं तर जाऊ दे, तोंडावर पण बोलतो मी. आणि हा माझा बॉक्स. ट्रान्झिस्टरचा. घासायचं नाही, पोस्टकार्ड नाही, पॉइंट काढून फेकून द्यायचे. कॉलेज सोडलं मी दुसऱ्या वर्षाला, पण हे सर्किट माझ्या हातचं आहे.

गाडी माझ्या ओळखीची आहे तुमची. वळणावरून नंबर दिसला तेव्हाच — मुलुंडच्या मास्तरांकडून घेतलीत ना? मग? त्यांचाच मुलगा मी, मधुकर. असे काय बघताय? मास्तरांच्या मुलाच्या हाताला ग्रीस लागत नाही? ऐका मग, याच गाडीत बसवला होता मी माझा पहिला बॉक्स. एकाहत्तरचा दसरा. आदल्या दिवशी खंडेनवमी, आमच्याकडे गाडीची पूजा म्हणजे केवढं प्रस्थ! बॅटरीसुद्धा बाहेर काढायची, धुवायची, पाटावर ठेवून हळदकुंकू. ती पाटावर होती तेवढ्यात मी बॉक्स बसवून मोकळा झालो. संध्याकाळी बाबांनी बॅटरी परत लावली — स्वतःच्या हातांनी, मला हात लावू दिला नाही. सकाळी शुभाला, माझ्या बहिणीला, सासरच्यांकडे सोनं द्यायला जायचं होतं. सगळी बिल्डिंग खाली. मी किल्ली फिरवली — आणि धूर. चार महिन्यांचं काम, साहेब, चार सेकंदांत. बघतो तर काय, बॅटरी उलटी! सगळ्या गाड्यांना मायनस बॉडीला असते, इथे प्लस बॉडीला, मायनस वायरला. माझं टाळकंच फिरलं. सगळ्यांच्या देखत ओरडलो — तीस वर्षं पोरांना फिजिक्स शिकवता आणि प्लस-मायनस कळत नाही? बोललो. बोललो ना! आणि ते काय म्हणाले? 'असेल. माझ्या हातून झालं असेल.' बस. चूक नसती तर गप्प बसले असते का? शाळेतल्या पोरांनी नाव पाडलं त्यांचं, उलटी बॅटरी. फळ्यावर लिहायची. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली, गाडी विकली. त्यात माझा काय दोष?

तेव्हापासून घरात पाऊल नाही ठेवलं. आई दर दसऱ्याला निरोप धाडते. यंदा मी शुभाला स्पष्ट सांगितलं, त्यांनी इथे यावं, माझ्या लोकांसमोर म्हणावं की बॅटरी मी उलटी लावली, मग येतो. वाटलं, कसले येतायत. तर म्हणे, येतो. आज पाचला. अठ्ठावन्नाव्या वर्षी — हो, जड जाईल त्यांना. मला गेलं नाही?

असो. बॅटरी बघू. — हे बघा! अजून उलटीच. तीन वर्षं तशीच. तुम्ही बदललीत का? नाही? नवी बॅटरी घेतलीत, तेव्हाही अशीच लावली? आणि चालली गाडी? डायनॅमो चार्ज करतो? थांबा. हेडलाइट लावा. समोर अ‍ॅमीटरचा काटा कुठे गेला? नीट बघा. डावीकडे? डिस्चार्जला? — मग बरोबर आहे. बॅटरी उलटी असती तर उजवीकडे गेला असता. बंद करा. परत लावा. डावीकडे?

तो घासलेटचा फडका द्या. बॅटरीशेजारची ही पत्र्याची पट्टी — नाही, ही नेहमीच होती, आम्ही लहानपणापासून हिच्यावर कुंकू लावायचो, दर खंडेनवमीला थरावर थर, मला वाटायचं ही कुंकवाचीच जागा. निघत नाही. निघेल. इंग्रजी आहे. प्लस… बॉडीला. कंपनीनेच लिहिलंय. पन्नास सालापासून.

तुम्हाला माहीत होतं? कोणी सांगितलं? विकताना? बाबांनी? काय म्हणाले, शब्द सांगा — 'हिची प्लस बॉडीलाच असते, कोणी काही सांगितलं तरी बदलू नका.' कोणी काही सांगितलं तरी. म्हणजे माहीत होतं त्यांना. त्या दिवशीसुद्धा. पोरं फळ्यावर लिहायची तेव्हासुद्धा.

आणि मला — नाही, मला नव्हतं. गेल्या वर्षी एका ऑस्टिनला असंच दिसलं होतं. प्लस बॉडीला. क्षणभर आलं होतं मनात. बोनेट पाडलं मी दाणकन, आणि चहाला गेलो. वर्षभर चहाला जातोय साहेब. आणि वर शुभाला सांगतो, त्यांनी यावं म्हणून.

किती वाजले? — तुमचं घड्याळ पुढे असेल. नाही? ते पॉइंट कुठे ठेवले मी, द्या इकडे, हेच परत बसवतो, बॉक्स नाही बसत हा हिला, माझा बॉक्स उलटा आहे. हो, माझा. तुम्ही निघा आता. ढकला, टॅक्सी करा, काय वाटेल ते — जा ना!

ते आले. पानवाल्यापाशी थांबलेत, ते. पांढरा शर्ट. घाम पुसतायत. मनात पाठ करत असणार, वर्गात शिरण्याआधी करायचे तसं.

थांबा, उतरू नका साहेब. साक्षीदार लागतो म्हटलं ना. ओ भिकाजी, सगळे इकडे या, बोनेटपाशी या, ही पट्टी वाचा — बाबा, बोलू नका. तुम्ही काही बोलू नका. आधी मी —