लुओथांग स्थानकावर उतरवून घेतलेली मुलगी

जबाब
रेल्वे पोलीस ठाणे, लुओथांग
दिनांक ४ ऑक्टोबर २०१३, दुपारी ३ वाजून १० मिनिटे

नाव आन चाओलियन, वय २४ वर्षे, काम बुटाच्या कारखान्यात सोल चिकटवण्याचे, शिक्षण सातवी, राहणार कारखान्याची वसाहत, खोली ४१२, तुंगक्वान. मूळ गाव शिबान, तालुका श्वांगशी, क्वेइचौ प्रांत.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती तियान शिंगवू, वय २६, यांच्यासह सुमारे पावणेपाच वर्षांपासून राहते. पती त्याच कारखान्यात पॅकिंगला आहेत. आम्हाला एक मुलगी आहे. नाव शियाओमान, वय पाच वर्षे चार महिने. ती शिबान गावी माझे थोरले दीर तियान शिंगवन व जाऊ रान यूझेन यांच्याकडे असते. त्यांना मूलबाळ नाही. मुलगी नऊ महिन्यांची असताना मी तिला त्यांच्याकडे ठेवून कामावर गेले.

नववर्षाच्या सणाला आम्ही गावी जात असू. गेल्या सणाला रेल्वेची तिकिटे मिळाली नाहीत. त्यामुळे मी मुलीला एक वर्ष नऊ महिने पाहिलेले नव्हते. दर रविवारी मी फोन करते व जाऊ तिच्या कानाला फोन लावते. जूनमध्ये मुलीने फोनवर विचारले, "समुद्राचं पाणी कुठे संपतं?" मी म्हणाले, "तुला दाखवते." त्यावरून राष्ट्रीय दिनाच्या सात दिवसांच्या सुट्टीत तिला पेइहाय येथे समुद्रावर न्यायचे ठरले. आम्ही दोघे समुद्रावर कधी गेलेलो नाही.

दि. १ रोजी दुपारी आम्ही गावी पोहोचलो. मुलगी जावेच्या पाठीमागे उभी राहिली. जाऊ म्हणाली, "अगं, आई आहे तुझी. जा ना जवळ."

मुलगी म्हणाली, "ही? फोनमधली?"

"हो, फोनमधली."

मुलीने माझ्याकडे पाहिले व म्हणाली, "तिचा आवाज असा नाहीये."

मी तिच्यासाठी कारखान्यातून लाल बूट आणले होते. ते दोन नंबर लहान निघाले. दि. २ रोजी दिवसभर मी घरीच होते. मुलगी जावेबरोबर शेतावर गेली, जावेबरोबर परत आली आणि तिच्याजवळच झोपली.

समुद्रावर जावेनेही यायचे होते. तिचे तिकीटही काढले होते. परंतु दि. ३ रोजी सकाळी त्यांची डुकरीण विण्याच्या बेतात आली. दीर खाणीवर कामाला होते. म्हणून जाऊ घरी थांबली. तालुक्याच्या बसमध्ये मुलीला बसवताना ती म्हणाली, "तू पुढे हो, मी मागच्या गाडीने येते." मुलीने विचारले, "नक्की?" जाऊ म्हणाली, "नक्की." मग ती माझ्याकडे न बघता खाली उतरली.

आमची रेल्वे सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी सुटली. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलगी माझ्या मांडीवर बसेना, म्हणून तिला खिडकीशी बसवून पती उभे राहिले. मी तिला उकडलेले अंडे सोलून दिले. तिने ते हातात धरून ठेवले, खाल्ले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "मोठी आई कुठेय?" ती जावेला मोठी आई म्हणते. मी म्हणाले, "पुढच्या डब्यात आहे." असे मी का म्हणाले ते मला सांगता येत नाही. मुलगी त्यानंतर दोन तास एक शब्द न बोलता शांत बसून होती व मला बरे वाटले होते.

सुमारे २ वाजता ती उठून म्हणाली, "चल, मोठ्या आईकडे जाऊ." मी म्हणाले, "गर्दी आहे, नंतर जाऊ." ती निघाली. मी तिच्या मागे गेले. आम्ही माणसांच्या पायांतून, बोचक्यांवरून असे तीन डबे पार केले. प्रत्येक डब्यात ती बाकांवरच्या बायकांची तोंडे बघत होती. पुढे जेवणाच्या डब्याचे दार बंद होते. तिथे ती जमिनीवर बसली आणि मोठ्याने ओरडू लागली. "ही खोटं बोलते! ही माझी आई नाहीये! माझी आई फोनमध्ये असते! मला मोठ्या आईकडे सोडा!"

मी तिला उचलायला गेले तर तिने माझ्या मनगटाला चावा घेतला. चाव्याची खूण मी साहेबांना दाखवली आहे.

तिथे एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका असल्याचे नंतर समजले. त्यांनी मुलीला जवळ घेतले व विचारले, "बाळ, तुझ्या आईचं नाव काय?"

मुलगी म्हणाली, "रान यूझेन."

त्या बाईंनी मला विचारले, "आणि बाई, तुमचं नाव?"

मी माझे खरे नाव सांगितले.

त्यानंतर डब्यातले सगळे उभे राहिले. एक गृहस्थ म्हणाले, "ओळखपत्र काढा." मी काढून दिले. दुसरे कोणी म्हणाले, "पोर पळवणाऱ्या बायका अशाच असतात, साध्या दिसतात." एक तरुण मोबाईलवर चित्रण करत होता. त्याला मागून कोणी सांगत होते, "चेहरा घे, चेहरा घे तिचा." आरडाओरडा ऐकून पती आले. त्यांनी शिक्षिकाबाईंच्या हातून मुलीला ओढून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा दोघांनी त्यांची कॉलर धरली. पतीच्या ओठाला लागले आहे. ते सारखे एवढेच म्हणत होते, "माझी आहे, माझी आहे ती." गाडीतील महिला कर्मचारी आल्या व ३ वाजून ३५ मिनिटांनी आम्हा तिघांना लुओथांग येथे उतरवण्यात आले. शिक्षिकाबाईही आपले सामान घेऊन मुलीसाठी उतरल्या. त्यांची गाडी गेली. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

ठाण्यात पतीला व मला वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. साहेबांनी मला मुलीविषयी विचारले. तिचे किती दात पडले आहेत, ती झोपताना काय करते, तिला काय आवडते. मी सांगितले, अंडे आवडते. शेजारच्या खोलीत शिक्षिकाबाईंनी तेच मुलीला विचारले. अंडे खाल्ले की तिच्या अंगावर पुरळ उठते, असे मुलीने सांगितले. दातांचे मला सांगता आले नाही. माझ्याजवळ तिचा एकच फोटो आहे, त्यात ती आठ महिन्यांची आहे. साहेब फोटो पाहून म्हणाले, "ताई, या वयाची सगळी मुलं अशीच दिसतात."

साहेबांनी संगणकावर कुटुंब नोंदवही पाहिली. त्यात मुलीचे वडील म्हणून तियान शिंगवन व आई म्हणून रान यूझेन यांची नावे आहेत. ही नोंद कशी झाली असे विचारल्यावरून सांगते की, मुलगी झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची व पती एकवीस वर्षांचे होते. लग्नाचा दाखला मिळण्याइतके आमचे वय भरत नव्हते. दाखला नाही म्हणून मुलीची नोंद होत नव्हती. सासऱ्यांनी ठरवले की ती थोरल्याच्या नावावर चढवावी, पुढे दुरुस्त करता येईल. सासरे वारले. आम्ही दाखला काढला, पण दुरुस्ती करायची राहिली. चार दिवसांची सुट्टी मिळायची, त्यात कचेरी बंद असायची.

सायंकाळी ५ वाजून ५ मिनिटांनी साहेबांनी माझ्यासमोर जावेला फोन केला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता. साहेबांनी विचारले, "तियान शियाओमान तुमची कोण?"

मागे पिल्लांचा कलकलाट ऐकू येत होता. जाऊ म्हणाली, "माझी मुलगी."

"आन चाओलियन कोण?"

"धाकटी जाऊ."

"मुलीला तुम्ही स्वतः तिच्याबरोबर पाठवलंत?"

"हो. समुद्र बघायला."

"मुलीला जन्म कोणी दिला?"

फोन कट झाला. साहेबांनी पुन्हा दोनदा लावला. तो बंद होता. साहेब मला म्हणाले, "पळवून नेल्याचा संशय गेला, तुम्ही घाबरू नका. पण मुलगी नोंदीतल्या माणसांच्याच ताब्यात द्यावी लागेल." त्यांनी गावच्या कचेरीमार्फत जावेला येण्याचा निरोप पाठवला. रात्री मुलगी महिला शिपायांच्या खोलीत झोपली. मला दारापर्यंत जाऊ दिले.

आज दि. ४ रोजी दुपारी साडेबाराला जाऊ आली. तिच्या चपला व पायजमा चिखलाने भरला होता. मुलगी धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. जावेने आधी विचारले, "जेवलीस का?" नंतर ती माझ्यापाशी आली. आमचे बोलणे असे झाले.

मी म्हणाले, "जाऊबाई, तुम्ही फोनवर 'माझी मुलगी' म्हणालात."

ती म्हणाली, "काय म्हणायला हवं होतं मी? पोलीस विचारतोय. खोटी नोंद केली म्हणून ह्यांना आत टाकलं असतं तर?"

मी म्हणाले, "पण तुम्ही अडखळला नाहीत."

ती म्हणाली, "पाच वर्षं म्हणतेय, चाओलियन. दवाखान्यात म्हणते, अंगणवाडीत म्हणते. तू काल ऐकलंस, एवढंच."

जाऊ रडू लागली. ती म्हणाली, "चल, आपण सगळेच जाऊ समुद्रावर. पिल्लं शेजारीण बघेल. अजून तीन दिवस आहेत." मी मुलीला विचारले, "येतेस? मोठी आई पण आहे." मुलगी म्हणाली, "मला समुद्र नको. मला घरी जायचंय."

पतीने साहेबांना रक्ताची तपासणी करण्याची विनंती केली. साहेबांनी समजावून सांगितले की तपासणी करता येते, निकालाला तीन-चार आठवडे लागतील. निकाल आमच्या बाजूने आला तर जुनी नोंद खोटी ठरेल, दीर-जावेवर कारवाई होईल, आणि नवी नोंद होईपर्यंत मुलीचे नाव कुठेच राहणार नाही. पुढच्या सप्टेंबरात तिला शाळेत घालायचे आहे. पती म्हणाले, "होऊ दे. आपली आहे ती." मी विचारले, "आणि मग ठेवणार कुठे तिला? खोलीत आठ जण झोपतो आपण." पती भिंतीकडे तोंड करून बसले.

रक्ताची तपासणी मला नको आहे. हे मी कोणाच्याही दबावाखाली सांगत नाही. जाऊ व दीर यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांनी मुलीला नीट सांभाळले आहे. तिचे केस रोज विंचरलेले असतात.

दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी मुलीला जावेच्या ताब्यात दिले. जाऊ तिला म्हणाली, "आईला येते म्हण." मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. तिने साहेबांना विचारले, "काका, ह्या बाई आता आमच्या मागून येणार नाहीत ना?" साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मीच सांगितले, "नाही येणार."

आम्हा दोघांना आठ तारखेला कामावर हजर व्हायचे आहे. आजच्याच गाडीने आम्ही तुंगक्वानला परत जात आहोत.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, पुढील मजकूर या कागदात घ्यावा अशी माझी विनंती आहे. साहेब म्हणाले की त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. मी पुन्हा विनंती केली, तेव्हा त्यांनी लिहून घेतले. दि. २१ मे २००८ रोजी पहाटे शिबान गावी, सासऱ्यांच्या घराच्या मागच्या खोलीत, मी मुलीला जन्म दिला. कळा आदल्या दिवशी दुपारपासून होत्या. सुईण पोहोचली नव्हती. नाळ जावेने कापली. मुलगी लगेच रडली नाही, मग रडली. तिला पहिले दूध मी पाजले. हे दुसऱ्या कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही.

हा जबाब साहेबांनी मला आमच्या बोलीत सावकाश वाचून दाखवला. शेवटचा भाग मी दोनदा वाचायला लावला. मी सांगितले तसेच लिहिले आहे, खरे आहे, म्हणून खाली सही करून अंगठा लावला आहे.

आन चाओलियन