मान हलवू नका, आण्णा

...न्हाय न्हाय, बोलू नका आण्णा, जबडा हलला की कान हलतो — खरंच हलतो, ज्याचा हाय त्याला कळत न्हाय, चित्र काढणाऱ्याला कळतंय. असंच खिडकीकडं तोंड करून बसा. तुमच्या सम्मेदच्या आणि आमच्या आदितीच्या लग्नाच्या सुपारीची तारीख धरायला तुम्ही कुरुंदवाडास्नं आलाय, ठाऊक हाय मला, मी काय पळून जात न्हाय — पण त्याच्या आधी तुमचं चित्र काढायचं असं मनात धरलंवतं. एकदा व्याही झाला की तुम्ही माझ्यापुढं गप बसणार हाय व्हय? मुलीच्या बापापुढं मुलाचा बाप गप बसलाय, असं आख्ख्या कोल्हापुरात कुठं बघितलंय का? हितंच. बसा. उजेड हाय तवर तर बसा. आपण जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवणार, आणि माझं कामही उजेडाचंच — धर्म आणि धंदा एकाच घड्याळावर. खाली ही पोळ्या लाटतीया, तवर माझी शाळा.

लोकांना वाटतं आधी डोळं काढायचं. मी कानापास्नं सुरू करतो. का? तर डोळं नुसतं समोरच्याला बघून बदलत्यात, कान आपला हाय तसा. कान जमला की बाकीचा माणूस त्याच्यामागनं येतोय. मग केस — एकेक, गठ्ठ्यानं न्हाय. पेन्सिलीला टोक ब्लेडनं करायचं, आणि रेष ओढायची ती श्वास सोडताना. श्वास धरून ओढली की रेष ताठ येती, मेल्यागत. आदिती त्या शेजारच्या टेबलावर बसली की मला तिचा कागद बघावा लागत न्हाय — नुसता श्वास ऐकायचा, कळतंय, भुवई झाली, आता पापणी चाललीया.

हात? व्हय, कापतोय. चहा जास्त झाला. — बसा की गप. — चहा मी पीतच न्हाय, मघाशी तुम्ही एकट्यानंच घेतला, ते ध्यानात आलं असंलच तुमच्या. बरेच दिवस झाले कापायला. मोठ्या रेषा येत्यात अजून — डोकं, खांदा, टोपी. बारीक काम येत न्हाय. डॉक्टर म्हणला वयाचं हाय. मी म्हणलं, वयाला दुसरी जागा घावली न्हाय व्हय, गुडघं हायत, पाठ हाय — हातच कशाला?

आता बोललोच हाय तर ऐका. तुमच्या सोप्यातल्या भिंतीवरचं आक्कांचं, तुमच्या आईचं चित्र. न्यायला आलावता तवा तुम्ही उभ्या उभ्या रडला, आईला परत आणली म्हणला, माझा हात दोन्ही हातात घेतला. मी घेऊ दिला. ते चित्र आदितीचं हाय. सही तेवढी माझी, बाहेर पाटीवर हाय तीच. — मान हलवू नका. — फोटोत आक्कांचा कान पदराखाली गेलावता, आठवतंय का? तुम्ही ह्याच खुर्चीवर बसून मला त्यांच्या आजारपणाचं सांगत होता आणि पोरगी त्या कोपऱ्यात बसून तुमचा कान काढत होती. म्हणली, बाबा, कानाची पाळी अशी गालाला चिकटलीया, ही आईकडनंच आली असणार. तोच कान तिनं आक्कांना लावला. तुम्ही म्हणला, डिट्टो आक्का. मी म्हणलं, व्हय. आणि तोच कान आज दुपारधरनं मी काढतोय आणि मला येईना. खोडून खोडून कागदाचं पापुद्रं निघालं.

रडत न्हाय मी, उजेड कमी झालाय. रडायचं काय त्यात, पोरगा चांगला हाय, त्यांचं त्यांनी पसंत केलंय, मी आडवा येणार न्हाय. हितलं काम बंद पडलं तर पडलं. पण परवा तुमच्या घरनं वैनींचा फोन आलावता. चांगल्या मनानंच म्हणल्या — आमच्यात सुनंला काय करायची गरज न्हाय, राणीगत ठेवू. तवापास्नं मला झोप न्हाय. आण्णा, ही पोरगी हातात पेन्सिल नसली की ताटातल्या आमटीत बोटानं माणसं काढती. अजून काढती. तिची आई ओरडती, मी बघत बसतो. तुमच्यात ओरडणारी लई असतील, बघत बसणारं कोण हाय? — तुमच्या माडीला उत्तरेची खिडकी हाय. वास्तुशांतीला आलतो तवाच बघून ठेवली. तिथं सोयाबीनची पोती लावल्यात तुम्ही. उत्तरेचा असला उजेड, दिवसभर एकसारखा, आणि पोत्यांवर. टेबल मी देतो, हेच माझं, मला आता ह्याचं काय काम. दुसरं काय मागत न्हाय तुमच्याकडं. पोती हलवणार का, तेवढं सांगा.

...दुपारधरनं सांगतोय मान हलवू नका म्हणून. हलवलीसा. नुसती हलली न्हाय, खाली-वर हलली, बघितली मी. गेलं, चित्र बिघडलं. असू दे, तसाच न्या कागद, कान राहिलाय तो ती काढील त्या खिडकीत बसून. — न्हाय, आता काय बोलू नका आण्णा. कठडा धरून उतरा, खाली ताटं वाढल्यात. मी आलोच मागनं. जावा म्हणतो न्हवं.