आईच्या वॉकरची रबरी पट्टी

वकीलबाई : तुमच्या पेटंटमधलं वाक्य पुन्हा वाचते. "हात काढताच लवचीक भागाच्या ओढीने ब्रेक चाकाला लागतो." यातला "लवचीक भाग" म्हणजे काय काय धरायचं?

धाकटा : सगळंच धरा. स्प्रिंग, रबर, जे ताणून परत येतं ते. समोरच्या कंपनीनं माझ्या वॉकरची नक्कल करताना रबरच लावलंय ना. रबर सोडलं तर ते आरामात सुटतील आणि माझ्या कारखान्याला टाळं लागेल.

वकीलबाई : मान्य. पण रबर धरलं आणि तुमच्या आधी कुणी रबर लावून हेच केलेलं निघालं, तर पेटंटच रद्द होतं. म्हणून तुमच्या बहिणीला बोलावलंय. ताई, समोरच्यांनी साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलंय.

ताई : माझं? मी काय घोडं मारलंय त्यांचं?

वकीलबाई : आईंच्या वॉकरला तुम्ही काहीतरी बांधलं होतं म्हणे.

ताई : हां, ते होय. सायकलच्या ट्यूबची पट्टी. उतारावर वॉकर पळायचा आणि आई मागे फरफटायची. पट्टीनं ब्रेक ओढून धरला, मग हात सुटला की वॉकर जागच्या जागी उभा. हे साहेब तेव्हा कॉलेजात उंडारत होते.

वकीलबाई : घरातच वापरायच्या?

ताई : छे. बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे. दोघीतिघींनी तर माझ्याकडून बांधूनही घेतली.

धाकटा : अगं, जुगाड होतं ते. तू कोर्टात एवढंच सांग, की वॉकर खडखडू नये म्हणून पट्टी बांधली होती. ब्रेकबिक काही नव्हतं.

वकीलबाई : हे माझ्यासमोर बोलू नका. खोटी साक्ष मला चालणार नाही.

धाकटा : खोटी कसली? आपण शोध लावतोय हे तिला तरी कुठे माहीत होतं?

वकीलबाई : माहीत असावं लागत नाही. आधी चारचौघांत वापरलं गेलं, एवढं पुरतं.

ताई : तुझी अडचण कळते रे मला. पण मला वाईट वाटलं. आई त्यानंतर शेवटपर्यंत एकदाही पडली नाही. ते कशामुळे, हे मग तूच सांग कोर्टात.

(धाकटा पेटंटचा कागद पुढ्यात ओढतो आणि त्या वाक्यावर बोट ठेवतो.)

धाकटा : बाई, रबर सोडा. फक्त पोलादी स्प्रिंग म्हणा.

वकीलबाई : तुमचं पेटंट बहुधा वाचेल. पण समोरचे सुटतील.

धाकटा : कळतंय मला.

ताई : आणि कारखाना?

धाकटा : बघू.

ताई : मग मी काय सांगू तिथे?

धाकटा : केलंस ते सांग. आणि पट्टीची गाठ कशी मारायचीस, तेही सांग. स्प्रिंग लावायच्या आधी मी तुझ्यासारखी पट्टीच बांधून बघितली होती, माझी गाठ रोज सुटायची.