गच्चीवरचा अझोला

शेवाळ नाही ते... किती जणांना किती वेळा सांगायचं? येतात गच्चीवर, डोकावतात टाकीत आणि म्हणतात, "अरे, केवढं शेवाळ साचलंय, काढून टाक की." तुम्हाला सांगतो, शेवाळ नाही ते, अझोला आहे. म्हणजे पाण्यावर तरंगणारा नेचा, एकेक रोप नखाएवढं. आता मला मेल्याला शाळेत कधी काही कळलं नाही, हे नेच्याबिच्याचं दादा सांगायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पंप दुरुस्त करायचा, आणि या उन्हाळ्यात एक पंप खोलता खोलताच छातीत कळ येऊन गेला... गेला म्हणजे गेलाच, त्यात सांगायचं काय, मी टाकीचं सांगतोय.

तर दादाला या पाल्याचं भारी वेड. कोणीतरी टाकून दिलेली फुटकी टाकी आणली, आत ताडपत्री घातली, पाणी भरलं, मूठभर अझोला सोडला आणि जेवायला बसलं की सुरू, "अरे, हा हवेतलं खत ओढून घेतो. कुंड्यांत घाल, कोंबड्यांना घाल. दाट पसरला की डासांना अंडी घालायला पाणीच दिसत नाही. उद्या सगळ्यांनी लावला ना, तर..." की वहिनी म्हणायची, "उद्याचं उद्या, आधी माझी गाळणी परत आणा." कारण हा पाला काढायचा चहाच्या गाळणीने आणि आम्ही चहा गाळायचा फडक्याने.

दादा गेला आणि मी काय केलं? गच्चीला कुलूप ठोकलं. दादाचं आहे, कोणी हात लावायचा नाही. समोरच्या कोंबड्यावाल्या मावशी पातेलं घेऊन आल्या, "मूठभर दे रे बाळा, दादा द्यायचा." म्हटलं, दादा द्यायचा, मी देणार नाही. खालचा शिंपी म्हणतो, "शेवाळाला कुलूप लावणारा माणूस आज पाहिला." म्हटलं, शेवाळ नाही ते.

आणि मग तो पाला लाल पडायला लागला हो. हिरवागार होता, तो विटेसारखा लाल, थरावर थर, खालचा कुजून वास सुटलेला, आणि मी कामधंदा सोडून टाकीच्या काठाशी बसलेला... मला वाटलं, यालाही कळलंय. दादा नाही हे यालाही सोसत नाही. आता हाही माझ्या डोळ्यांसमोर जाणार आणि मी नुसता बघत बसणार, दादाच्या वेळी बसलो तेवढं पुरे नव्हतं?

वहिनी वर आली. टाकीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भावजी, त्याला दुःख नाही झालेलं. गर्दी झालीय."

गर्दी!

"तुमचे दादा दर दोन-चार दिवसांनी अर्धा काढायचे. नाही काढला तर एकमेकांत गुदमरून मरतो तो." आणि घातली की गाळणी पाण्यात. माझं डोकंच सटकलं. हिसकावली आणि दिली भिरकावून, ती पडली शिंप्याच्या पत्र्यावर. वहिनीने बादली पुढे ओढली. ओंजळीने काढायला लागली, ओंजळीमागून ओंजळ, बादलीत. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. थोड्या वेळाने मीही हात घातला. तेवढ्यात शिंपी गाळणी घेऊन हजर, "ही तुमच्या शेवाळाची का?"

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, शेवाळ नाही ते.

जगला. उरलेला अर्धा हिरवा झाला, पसरला, टाकी भरली. अर्धा काढला, पुन्हा भरली. पुन्हा काढला... अहो, हा थांबतो कुठे? मावशींच्या कोंबड्या आता बादली पाहून मान फिरवतात, गल्लीतल्या कुंड्या काठोकाठ भरल्या, आणि ज्याचा मूठभर द्यायला जीव जात होता तो मी दारोदार फिरतोय, घ्या हो, थोडा तरी घ्या. मी दिसलो की दारं लागतात. काल शिंप्याचं दार वाजवलं. आतून आवाज आला, त्याचाच, "घरात कोणी नाही."

म्हटलं, बरं. कोणी आलं की सांगा, बादली दारात ठेवलीय.