हिरवी मसल कार आणि तेवीस हंप

...नाही, तुम्हीच सांगा, मी काय चुकीचं बोललो? शिवी दिली? नाक मुरडलं? ‘बघून सांगतो’ एवढंच म्हणालो! दोन शब्द! आणि त्या दोन शब्दांवर बेचाळीस वर्षांच्या मुलाचा चेहरा असा पडला, की आमची हेमलता कणकेचे हात घेऊन फाटकापर्यंत आली आणि मलाच विचारते, "अहो, काय बोललात त्याला?"

अहो, सवय आहे ती! चौतीस वर्षं सरकारी लेथ कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. लोखंड कातायची मशीनं बनवायचो आम्ही, आणि माझ्या टेबलावरून शिक्का बसल्याशिवाय साधा नट गेटबाहेर गेला नाही. साहेब येऊन उभा राहायचा, "दामोदर, स्वल्प बेगा माडी!", म्हणजे जरा लवकर उरका, तरी माझं उत्तर एकच. बघून सांगतो. जीभच तशी वळलीय हो! लग्नाआधी मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनाही हेच म्हणालो होतो, आणि ते हेमलता अजून, दर दिवाळीला, पाहुण्यांसमोर काढते!

तर झालं काय, रविवारी सकाळी मी बसवनगुडीच्या आमच्या घरासमोर पेपर घेऊन बसलो होतो, तर आवाज आला. मला वाटलं, कुणाकडे बोअरवेल खणायची लॉरी आली. समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आणि कोपऱ्यावरून आधी बॉनेट आलं... मग बॉनेटच आलं... मग अजून बॉनेटच येतंय... आणि बऱ्याच वेळानं, तुम्हाला सांगतो, त्याच्या मागून आमचा तनय आला! एकुलता एक. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, कॉम्प्युटरमध्ये असतो. शेजारी आमची नात वेदिका, तेरा वर्षांची, कानात ती पांढरी बोंडं घालून.

तनय उतरला, गाडीवर असा हात ठेवला, गायीच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाला, "बाबा, मसल कार. अमेरिकन. बाहेरून सगळं पन्नास-साठ वर्षांपूर्वीसारखं, आतून एकदम नवीन. कूल आहे की नाही?"

आता तुम्हाला यातली मेख कळणार नाही, म्हणून सांगतो. या मुलानं मला आजवर काही विचारलेलं नाही. कॉलेज ठरल्यावर कळवलं, नोकरी लागल्यावर कळवलं, अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट तर घेतल्यावर फोटो पाठवून कळवलं! आणि आज पहिल्यांदा विचारतोय. मला! रिटायर होऊन बारा वर्षं झाली, घरात आमटीला मीठ बरोबर आहे का एवढंसुद्धा कुणी विचारत नाही, आणि इथे पोटचा मुलगा विचारतोय, कूल आहे की नाही! आणि मी काय म्हणालो? बघून सांगतो!

पण मग म्हटलं, बोललोय तर बघूच. नीट बघू. कारण खरं सांगू का, मलाच उत्सुकता लागली. कूल म्हणजे नक्की काय हो? लोखंडाला माप असतं, कूलला कुठलं माप लावायचं?

लावला चष्मा, घेतली वही, केली सुरुवात. मागच्या चाकापाशी दोन झकास जाळ्या, हवा आत जायला. बोट घातलं. बोट जाईना! म्हटलं, "तनय, हे बंद आहे रे!" तर म्हणतो, "बाबा, ते दिसायला आहे. पूर्वीच्या गाडीला होतं म्हणून." बरं. आत गेलो. काटेवाली गोल घड्याळं, अगदी पूर्वीसारखी. मी सवयीनं नखानं टिचकी मारली, काटा अडकलाय का बघायला, तर काटाच गायब आणि गाणं सुरू! तो काटा नव्हताच, काट्याचं चित्र होतं! आणि इंजिनाचा आवाज कमीजास्त करायला बटण आहे म्हणे. तुम्ही कधी ऐकलंय, आवाज जास्त करायचं बटण? आम्ही चौतीस वर्षं आवाज कमी व्हावा म्हणून ग्रीस लावत होतो!

पण या सगळ्यात मला सारखं काहीतरी टोचत होतं, आणि ते काय ते कळत नव्हतं... आणि मग कळलं. रंग! म्हटलं, "तनय, रंगाला काय म्हणतात हा?" "हेरिटेज ग्रीन, बाबा. स्पेशल आहे." स्पेशल? अरे, हा लेथचा हिरवा! आमच्या कारखान्यात प्रत्येक मशीनला हाच!

आणि आता ऐका, थोडं मागे जातो. आमच्याकडे एक फियाट होती. कारखान्याच्या लिलावात हिरव्या रंगाचे सहा डबे मिळाले म्हणून मी आणि हेमलतानं तीन रविवार खपून ती स्वतः रंगवली. ब्रशनं! लांबून बघितलं तर लेथ चाललाय असं वाटायचं. मला भारी अभिमान. तर तनय बारा वर्षांचा असताना एक दिवस शाळेपाशी म्हणाला, "बाबा, मला कोपऱ्यावरच सोडा ना." का रे? "असंच." मला कळलं हो, कळायला काय... मी ‘बरं’ म्हटलं आणि पुढची चार वर्षं कोपऱ्यावर सोडलं. तो फाटकातून आत जाईपर्यंत थांबायचो मात्र. वाईट वाटलं होतं. लपवत नाही. पण बोललो नाही, हेमलतालाही नाही. आणि आता तोच मुलगा, तोच हिरवा रंग, फियाटसारखेच दोन गोल दिवे घेऊन दारात, आणि विचारतो कूल आहे की नाही!

म्हटलं, एकट्याचं मत नको, दोन माणसांना विचारू. हेमलताला विचारलं. ती गाडीभोवती फिरली. "दारं किती?" म्हटलं, दोन. "मागे बसायचं कसं?" म्हटलं, पुढची सीट पाडायची आणि वाकून शिरायचं. तिनं आपल्या गुडघ्याकडे बघितलं, गुडघ्यानं तिच्याकडे बघितलं. "छान आहे," म्हणाली, "फोटो काढा." झालं! मग कोपऱ्यावर रिक्षावाला शिवकुमार होता, वीस वर्षांची ओळख. त्यानं रिक्षा बंद केली, खाली उतरला, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकला, देवळात घंटा ऐकतात तसा. "सूपर आगिदे सार! मायलेज एष्टु?" मायलेज किती म्हणून. तनयनं आकडा सांगितला. शिवकुमारनं डोळे उघडले, तनयच्या खांद्यावर हात ठेवला, आणि परत रिक्षात जाऊन बसला. आता हे काय समजायचं? कूल की नाही?

तनय म्हणाला, "बाबा, असं कळणार नाही. बेळ्ळंदूरला चला आमच्याबरोबर. बसून बघा." हेमलता म्हणाली, तुम्ही जा, माझा गुडघा इथे राहील. मी निघालो. वेदिका मागे, मी पुढच्या सीटवर! ऐटीत! दोनशे पावलं गेलो असू, रस्त्यात हंप आला, म्हणजे स्पीडब्रेकर. आणि खालून... खर्रर्रर्र! माझ्या काळजाचं पाणी झालं. तनयच्या तर डोळ्यांत पाणी. गाडीचं पोट जमिनीपासून साडेपाच इंच! आणि आपले हंप? तुम्हाला माहीत आहेत आपले हंप! एकासारखा दुसरा नाही! रात्री कुणाला स्वप्न पडलं की सकाळी हंप!

मग काय, इन्स्पेक्शनवाला माणूस, हात कसे शिवशिवणार नाहीत? एक काठी मिळवली, साडेपाच इंचांवर खूण केली. कारखान्यात याला गो–नो गो गेज म्हणतात. खुणेच्या खाली हंप असेल तर गाडी जाईल, वर असेल तर नाही. प्रत्येक हंपाला मी उतरायचो, म्हणजे ब्याऐंशी किलो कमी, गाडी तेवढी वर. काठी लावायची, हात दाखवायचा, सरळ घे, नाहीतर तिरकी घे, तिरकी, अजून तिरकी... मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ! एक बाईकवाला थांबला, मला बघितलं, रस्त्यानं काठी घेऊन चाललेला म्हातारा, कळवळला बिचारा, "अंकल, ड्रॉप बेका?" म्हणाला. सोडू का म्हणून! अहो, माझ्या मागे एवढी मोठी अमेरिकन गाडी माझ्याच मुलाची उभी आहे, आणि तो मला लिफ्ट देतोय! तेवीस हंप मोजले. नऊ नो गो. आणि प्रत्येक वेळी परत आत बसलो की तनय विचारणार, "काय वाटतं, बाबा?" आणि मी सीटचा पट्टा शोधतोय तोवर पुढचा हंप! काय वाटायला वेळ कुठे होता?

रात्री तिथेच राहिलो. सोमवारी सकाळी वेदिकाला शाळेत सोडायचं होतं. तनय म्हणाला, "बाबा, चला. आज पोरांचे चेहरे बघा." त्यानं तेवढ्यासाठी शर्टसुद्धा बदलला हो! आणि आवाजाचं ते बटण दाबलं, जास्तीवर! गुरगुर गुरगुर करत शाळेचा रस्ता आला, फाटक दिसायला लागलं, आणि मागून वेदिकानं कानातलं एक बोंड काढलं.

"बाबा, मला इथे कोपऱ्यावरच सोड ना."

"का गं?"

"असंच."

गाडी थांबली. मी उतरलो, सीट पाडली, ती वाकून बाहेर आली. "बाय आजोबा," म्हणाली आणि मागे न बघता निघाली. मी परत बसलो. तनयनं बटण दाबून आवाज बंद केला. आणि ती फाटकातून आत जाईपर्यंत थांबला.

मग तनय समोर बघतच म्हणाला, "बाबा, तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

म्हटलं, "हो."

"मग बोलला का नाहीत कधी?"

तीस वर्षं झाली. म्हटलं, "अरे, म्हटलं आधी बघू... मग सांगू."

हसला हो तो! डोळे पुसत हसला. मीपण हसलो. मग म्हणाला, "रंग मी मुद्दाम तोच घेतला, बाबा. शोरूममध्ये लाल होती, काळी होती. चार महिने थांबलो हिरव्यासाठी." आणि मग हळूच, बारा वर्षांच्या पोरासारखं, "आता सांगा. कूल आहे की नाही?"

जाळ्या बंद. काटे खोटे. आवाज बटणाचा. मागची सीट दप्तराच्या मापाची. चौतीस वर्षांत असला माल माझ्या टेबलावरून पुढे गेला नसता, देवाशपथ! पण तुम्हाला सांगतो, मी मूठ वळली आणि त्या हिरव्या दारावर धाडकन शिक्का मारला. "ओके! पास!" म्हटलं. "एकदम कूल!"

असा खुलला चेहरा त्याचा! गाडी सुरू केली, मान ताठ, आवाज जास्तीवर... आणि मीही म्हटलं, चला, आता निवांत टेकून बसू, आयुष्यात पहिल्यांदा मसल कारमध्ये बसल्यासारखं बसू... तर तनय म्हणतो, "बाबा... काठी घेता का? पुढे हंप आहे."

उतरलो! करतो काय! तेव्हा गाडी कूल आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही, शिक्का मारलाय. आता फक्त आत बसून ती कशी वाटते, एवढंच राहिलंय... ते बघून सांगतो.