तातोबाच्या हातचं मीठ

आन् म्हनं कोड चिकटतंय! कोन म्हनतो? रंगराव! हितं न्हाय त्यो, न्हायतर तोंडावर सांगितलं आसतं. तुमीच ऐका.

गेल्या साली भंडाऱ्याला तातोबा मीठ वाढाया उभा ऱ्हायला. वीस वर्सं त्योच वाढतोय. आदल्या राती सवता खडं कुटनार, उपरन्याच्या गाठीत बांधून आननार. पंगतीत पयलं मीठ, मागनं बाकीचं. तर रंगराव समद्यांदेखत म्हनला, "तातू, हातावर पांढरं डाग आल्यात तुझ्या. घान हात. बाजूला हो." आन् आपन? माना खाली! मी बी.

तातोबा उपाशीच निघाला. अंधार पडल्याला. घर खालच्या मळ्यात, मधी खैराचा ओढा. गडी चालतोय आन् हात काखेत लपिवतोय. अंधारात! कोन बघनार हाय? तरी लपिवतोय.

ओढ्यात हाक आली, "तातोबाऽ, या की!" बघतोय तर काय? दिवट्या! वाळूवर पंगत! "बसा, मानाचं पान तुमचं." त्येंनी हात बघितलं, डाग बघितलं. "आमाला चालतंय," म्हनली. गडी रडाया लागला. वाढप्याचं पाय उलटं, ते दिसलं व्हतं रं त्याला! तरी बसला. मानसांनी हाकललं, भुतांनी मान दिला, कुटं बसंल मानूस?

"घ्या घास. घरी कोन इचारतंय तुमाला?"

घास तोंडापातूर आला. आन् सवय! पानात मीठ न्हाय! "थांबा, मीठ ऱ्हायलं की," म्हनत गाठ सोडली, वाढाया उठला.

पयल्या पानात चिमूट पडली आन् आयाया, काय ती किंकाळी! दिवट्या इझल्या. पान कसलं, नुसती मसनातली राख! तातोबा पळतोय, मागनं समदी पंगत पळतीय. "टाक ते मीठ! घान हात तुझं!" तीच बोली, रंगरावाची! पर गड्यानं मूठ सोडली न्हाय.

धाडदिशी दारावर आदळला. बायकोनं, चंपाबाईनं, दार उघडलं. ताट झाकून बसल्याली. "जेवला न्हाईसा न्हवं?" त्यानं मूठ उघडली. डागाळल्याली, घामेजल्याली. तिनं आपली भाकर म्होरं केली, "वाढा की मीठ."

हसला बगा गडी. रडत रडत हसला. सुटला!

तवा त्या ओढ्यानं रातचं जाऊ नगासा. आन् कुनाला धाडू बी नगासा.

उद्या भंडारा हाय. गनपा, कंदील घे. बांधावरनं मळ्यात जा. तातोबाला सांग, मीठ कुटून ठेव, पंगत थांबल्याय. बघतोस काय? ऊठ!