फ्रिटरचा तळ

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांचे वडील आत होते.

“ताई, काल बाबा आपणहून स्वयंपाकघरात आले!”

“काय सांगतेस! अर्धांगाचा झटका आल्यापासून चार महिने आपणहून खुर्ची सोडली नव्हती त्यांनी!”

“मी सफरचंदाचे फ्रिटर तळले होते, आपल्या भज्यांसारखे गोड. वरून पिठीसाखरेचं पातळ ग्लेझ ओतायला लागले, तर मागून आवाज आला, ‘झिलई अशी देतात होय?’”

“अगं, जन्मभर कारखान्यात चिनीमातीच्या कपांना झिलई दिलेला माणूस तो! गप्प कसा बसेल?”

“मला बाजूलाच सारलं! तीन बोटांत फ्रिटर धरला, बुडवला, गर्रकन फिरवला आणि उचलला. एक थेंब सांडला नाही, ताई!”

“कुठल्या हाताने?”

“उजव्या! त्याच लुळ्या पडलेल्या! आणि पुढे ऐक ना, ओला स्पंज घेऊन प्रत्येकाचा तळ पुसून काढला.”

“तळ? तो कशाला?”

“नाहीतर भट्टीत फळीला चिकटतील म्हणे!”

“अगंबाई! मग तू काय केलंस?”

“लगेच आणखी चार सफरचंदं चिरायला घेतली.”